दादर ते माहीम : तळलेल्या मासळीचा मागोवा

मुंबईत मासे कोठे चांगले मिळतात, असा प्रश्न चार मत्स्यप्रेमी जमले असता कोणी विचारला, तर त्याची चार उत्तरे येतात आणि पुढचा तासभर वादात जातो. गंमत म्हणजे हे चौघेही आपापल्या परीने बरोबर असतात. कारण 'तळलेला मासा' हा एकच पदार्थ नव्हे. दादर पश्चिमेकडून सिटीलाइटमार्गे माहीमपर्यंत चालत गेले आणि थोडी वाकडी वाट करून सायन-कोळीवाड्याकडे वळले, तर अवघ्या काही किलोमीटरांत तळणीच्या निदान चार-पाच परंपरा भेटतात. प्रत्येकीचे पीठ निराळे, आंबट निराळे, तवा निराळा आणि त्यामागचा इतिहासही निराळा. हा फरक ध्यानात आला की कोणत्या दारी काय मागावे, हे आपोआप कळू लागते.

खाणावळीचा वारसा

दादर-परळच्या साध्या मासळीगृहांचे मूळ गिरणगावात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा त्यातच होता) गिरण्यांत कामाला आलेला चाकरमानी बहुधा एकटा राहत असे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या पुरुषांचे जेवण चाळीतल्या बायका रांधून देत. महिन्याचा हिशेब, पगार झाल्यावर पैसे, आणि पानात गावाकडची चव, अशी ती व्यवस्था होती. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कालांतराने खाणावळीचा हा मुख्य गिऱ्हाईकवर्गच विरला. कामगार गेला, पण त्याची चव शहराला लागलेली होती. मासिक खाणावळीऐवजी थाळी देणारी छोटी भोजनगृहे पुढे रुजली, ती या चवीवरच.

दादर पश्चिमेची 'सिंधुदुर्ग', 'चैतन्य' ही नावे म्हणूनच मराठी खवय्यांच्या तोंडी बसली. गिरगावात खोताच्या वाडीतला 'अनंताश्रम' मात्र बंद झाला आणि त्याच्याबरोबर जेवणाची एक आख्खी शिस्तही गेली. अशा जागांचे आयुष्य किती नाजूक असते, हे त्यावरून कळावे.

एक मासा, अनेक तळण्या

प्रथम मालवणी-गोमंतकी तळणी. माशाच्या तुकडीला मीठ, हळद, लाल तिखट आणि कोकमाचे आगळ लावून ती थोडा वेळ मुरवायची, मग रव्यात किंवा रवा-तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात परतायची. कढईत बुडवून तळणे येथे अपवादानेच. रव्याचे काम केवळ कुरकुरीतपणाचे नाही. गरम तेलात पडताच माशाच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडत राहते. जोवर वाफ बाहेर येते आहे, तोवर तेल आत शिरत नाही. रव्याचा थर स्वतः कोरडा होत जाऊन कडक बनतो आणि आतला मासा आपल्याच वाफेत शिजतो. तेल पुरेसे तापलेले नसेल किंवा गर्दीच्या वेळी एकाच तव्यावर पंधरा तुकड्या दाटीवाटीने टाकल्या असतील, तर उष्णता उतरते, वाफेचा जोर मंदावतो आणि रवा तेल पिऊन बसतो. ताटात तेलाचे ओघळ दिसले, तर दोष माशाचा नसून तव्यावरच्या घाईचा असतो.

दुसरी तळणी सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांची. येथे आले-लसणाचे वाटण, हळद-तिखट आणि वरून तांदळाच्या पिठाचा पातळ हात. रव्याइतका जाड थर नसल्याने माशाची मूळ चव अधिक उघडी पडते. अर्थात त्यामुळे मासा ताजा नसेल, तर तेही लपत नाही. कोळी घरांतली तळणी याहूनही साधी. घरचा कोळी मसाला चोळायचा आणि पिठाचा फारसा आधार न घेता मासा तव्यावर टाकायचा. ज्याच्या दारात होडी लागते, त्याला पिठाच्या पांघरुणाची गरज काय?

तिसरी परंपरा दक्षिणेची. मंगळूरकडून आलेल्या बंटांनी मुंबईत जी 'लंच होम' काढली, त्यांचा खरा गड फोर्टात असला, तरी त्यांची 'तवा फ्राय' आता दादर-माहीममध्येही सर्रास मिळते. ब्याडगी मिरचीचे ओले वाटण माशावर जाड थापून ते तव्यावर भाजत आणण्याची ही रीत. आपली मुडदुशी तेथे 'काणे' या नावाने येते. मुडदुशीच्या नाजूक गोडीवर हा मसाला कधीकधी भारी पडतो. सुरमईला तो शोभतो.

चौथी परंपरा नावाने फसवणारी आहे. 'कोळंबी कोळीवाडा' हा पदार्थ कोळ्यांचा असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात फाळणीनंतर पंजाबातून आलेले निर्वासित सायन-कोळीवाड्यात वसले. त्या भागाचे हार्बर मार्गावरील रेल्वे स्थानक आज गुरू तेगबहादूर नगर म्हणून ओळखले जाते. ओवा घातलेल्या बेसनाच्या पिठात मासा बुडवून कढईत तळण्याची अमृतसरी रीत त्यांनी सोबत आणली आणि ती मुंबईच्या कोळंबीला लावली. वस्तीचे नाव पदार्थाला चिकटले. कोळीवाड्याचे नाव आणि पंजाबचे पीठ अशी ही सोयरीक, या शहरालाच शोभणारी.

माहीमला पाचवी तऱ्हा दिसते. मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याच्या परिसरात रमजानच्या रात्री आणि डिसेंबरातील उरुसाच्या जत्रेत मोठ्या कढयांतून तळलेले मासे रस्त्यावर विकले जातात. गिऱ्हाईक सतत असल्याने माल साठून राहत नाही, ही त्यातली जमेची बाजू. तुकडी अस्वाभाविक लालभडक दिसली, तर मात्र तो रंग मिरचीचा की डबीतला, असा प्रश्न स्वतःला विचारावा. येथून समुद्राकडे गेले की माहीमचा कोळीवाडा लागतो. तेथे २०२३ साली महापालिकेच्या पुढाकाराने कोळी महिलांचे मासळी खाद्यकेंद्र सुरू झाले. मासे विकणाऱ्या बाईनेच ते तळून वाढावेत, ही त्यामागची कल्पना. रांधण्याचे मोल रांधणाऱ्या हातांत पडावे, हा गिरणगावातल्या जुन्या खाणावळींचाच धागा तिच्यात आहे.

बोंबलाची परीक्षा

नव्या जागेची पारख करायची असेल, तर पापलेट मागवू नये. पापलेट मुळातच चांगले असते, त्यात स्वयंपाक्याचे कसब फारसे दिसत नाही. मागवावा तो ओला बोंबील. त्याच्या अंगात पाण्याचे प्रमाण इतके असते की नीट तयारी न करता तो तव्यावर टाकला, तर तळला न जाता शिजून विरघळतो. म्हणून तो पोटाकडून चिरून उघडायचा, मधला काटा काढायचा आणि फडक्यात घालून वजनाखाली दाबून ठेवायचा. पाणी निथळले की मगच मसाला व रवा. जेथे ही मेहनत घेतली जाते, तेथे बोंबील बाहेरून पापडासारखा कुडकुडीत आणि आतून लोण्यासारखा मऊ येतो. जेथे घेतली जात नाही, तेथे तो आकसतो, वाकडा होतो आणि त्यावरचे कवच सुटून येते. बोंबील जमणाऱ्या जागी बाकीचे मासेही बहुधा जमतात.

वार, महिना आणि बर्फ

मासळी खाण्याचे मुंबईचे स्वतःचे पंचांग आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत वर्ज्य, म्हणून बुधवार, शुक्रवार आणि रविवारी भोजनगृहांत गर्दी. वाट पाहावी लागते खरी, पण याच दिवशी माल अधिक येतो आणि झपाट्याने खपतो. शांत जागा हवी म्हणून वर्ज्य वारी जाणाऱ्याने आपल्या ताटात आदल्या दिवशीचा मासा असू शकतो, हे गृहीत धरावे.

महिन्यांचे गणित याहून महत्त्वाचे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. हा काळ अनेक माशांच्या प्रजननाचा आणि समुद्र खवळण्याचाही. मग जुलैत ताटात येणारी सुरमई येते कोठून? पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्याने जूनच्या उत्तरार्धात तिकडची मासळी बर्फातून मुंबईत येऊ शकते. उरलेली शीतगृहातली असते. यात गैर काही नाही. पण त्या दिवसांत 'आजच पकडलेली सुरमई' असे कोणी सांगितले, तर हसून सोडून द्यावे. पावसाळ्यात खाडीतले मासे, खेकडे, निवट्या, नाहीतर सरळ सुका बोंबील आणि सोडे हेच शहाणपणाचे. कोकणातली घरे पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आली.

ताजेपणाचा मुद्दा केवळ चवीचा नाही. बांगडा, सुरमई, कुपा यांसारखे मासे पकडल्यानंतर पुरेसे थंड ठेवले गेले नाहीत, तर त्यांत जिवाणूंमुळे हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते तळण्याने किंवा उकळण्याने नष्ट होत नाही. असा मासा जिभेला मिऱ्यासारखा चुणचुणतो आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे असा त्रास होऊ शकतो. चुणचुण जाणवली, तर संकोच न करता ताट बाजूला सारावे. तीच गोष्ट तेलाची. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांपलीकडे गेल्यास ते तेल वापरू नये, असा नियम देशात १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ग्राहकाजवळ मोजमापाचे यंत्र नसते. पण काळपट, दाट, फेसाळणारे आणि दारातच घशाला झोंबणारे तेल ओळखायला नाक व डोळे पुरतात. या बाबतीत थोड्या तेलातली तव्यावरची तळणी कढईपेक्षा उजवी ठरते, कारण तेथे तेल वारंवार नवे घ्यावेच लागते.

लहान पापलेटाचा मोठा प्रश्न

आता थोडे कडू बोलणे भाग आहे. थाळीचा भाव परवडावा म्हणून अनेक ठिकाणी अख्खे पापलेट तळहाताहूनही लहान येते. ग्राहकाला अख्खा मासा मिळाल्याचे समाधान मिळते, मालकाचा हिशेब बसतो. पण तो मासा एकदाही अंडी न घालता ताटात आलेला असतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. मान आणि नियम दोन्ही आले, पण नियम पाळला जातो की नाही, हे बंदरावर जितके ठरते, तितकेच ताटावरही ठरते. मागणी असेतो पुरवठा होतच राहणार.

येथे ग्राहकाला काही करता येण्याजोगे आहे. पिटुकले अख्खे पापलेट मागवण्यापेक्षा मोठ्या माशाची एक तुकडी घ्यावी. त्याहून बरे म्हणजे पापलेट-सुरमईच्या पलीकडे पाहावे. बांगडा, मांदेली, मुडदुशी, बोंबील हे मासे तव्यासाठीच जन्मलेले आहेत आणि खिशालाही हलके. मांदेली कुरकुरीत तळली की काट्यासकट खाता येते. करलीला काटे फार, पण ज्याला ते काढता येतात, त्याला तिच्यापुढे सुरमई फिकी वाटते. सारे गिऱ्हाईक दोन-तीनच मासे मागू लागले की त्यांचे भाव चढतात, लहान मासे मारले जातात आणि काटे नकोत म्हणणाऱ्यांसाठी त्यांच्या जागी गुपचूप 'बासा' येतो. 'फिश फिंगर'च्या नावाखाली मिळणारा बिनकाट्याचा, बिनवासाचा पांढरा तुकडा बऱ्याचदा हाच गोड्या पाण्यातला शेतीचा मासा असतो. तो खाण्यात पाप नाही, पण समुद्राचे मोल देऊन तळ्यातला मासा का घ्यावा?

छोट्या भोजनगृहाचा मालक यादी ठरवतो ती गिऱ्हाईकाचे तोंड पाहून. चार टेबलांवरून मांदेलीची मागणी आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सिटीलाइटच्या मंडईतून मांदेली येते. तेव्हा जागेवर बसल्यावर छापील यादी उघडण्याआधी वाढप्याला एवढेच विचारावे : 'आज बाजारातून काय आले आहे?' जो मोकळेपणाने उत्तर देतो आणि 'आज पापलेट घेऊ नका, बांगडा घ्या' असे सांगतो, तेथे खुशाल बसावे. जो 'सगळेच ताजे आहे' म्हणतो, तेथे सोलकढी पिऊन उठलेले बरे.