पिकअप गाडीचे मोठे टायर व जादा पाटे : खर्चाचा आगाऊ हिशेब

शेतापासून सडकेपर्यंतची वाट खराब असली म्हणजे पिकअप गाडीस मोठे टायर चढवावेत व मागील कमानीत एक-दोन जादा पाटे घालावेत, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. तथापि हा खर्च हंगामाच्या पैशातून व्हावयाचा असतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्याजवळ बसून त्याचा हिशेब आधीच मांडणे इष्ट होय.

समजा, निफाड तालुक्यातील एक शेतकरी लासलगावच्या बाजारात कांदा नेतो. गाडीचे टायर २१५/७५ आर १५ मापाचे आहेत. त्यास २३५/७५ आर १५ हवे आहेत. या बदलाने टायरचा व्यास ३० मिलिमीटरने वाढतो, पण गाडी जमिनीपासून उचलली जाते ती अवघी १५ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीइतकी. उलट चढावर ओढ कमी पडते, क्लचवर ताण येतो, आणि काटा ६० दाखवीत असता गाडी ताशी सुमारे ६२.५ किलोमीटर धावत असते.

एक टायर ८,००० रुपयांस पडेल असे धरल्यास स्टेपनीसह पाचांचे ४०,००० होतात. (स्टेपनी बहुधा हिशेबातून सुटते!) पाटे, बुश व मजुरी यांस १०,००० धरावेत. दोन वर्षांत २०० फेऱ्या झाल्या तर फेरीमागे २५० रुपये, म्हणजे १२ क्विंटलच्या फेरीत क्विंटलमागे सुमारे २१ रुपये बसतात. जुने टायर झिजलेलेच असतील, तर मूळ मापाच्या नव्या टायरांची किंमत वजा करून केवळ जादा खर्च मोजावा.

पाटे वाढविल्याने अधिक माल भरण्याची मुभा मिळते, हा समज मात्र चुकीचा आहे. ब्रेक व आस पूर्वीचेच राहतात. रिकामी गाडी आदळू लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड सांगितला आहे. शिवाय कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यास मनाई असल्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे आधी विचारणा करावी.

गाडी एका अंगास झुकत असेल, तर प्रथम तुटलेला पाटा व झिजलेले बुश बदलावेत आणि हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. वाटेवरील दोन-चार खड्ड्यांत मुरूम टाकण्यास काय लागेल, तेही त्याच कागदावर मांडून पाहावे.