फर्शी सलवार आणि अम्मीची साडी

पंधरावा रोजा उलटला की पेण-रोह्यातले शिंपी नवे कपडे घेत नाहीत. सध्या मुलींना हवी असते फर्शी सलवार, जमिनीवर लोळणाऱ्या घेराची. ही फॅशन मुळात जुनीच, अवधच्या नवाबी घराण्यांतली. माझ्या लेकीनंही हट्ट धरला. अम्मीनं ट्रंकेतून आपली बनारसी काढली. कात्री लावताना तिचा हात क्षणभर थांबला. मग म्हणाली, "पडून राहण्यापेक्षा नातीच्या अंगावर मिरवू दे." आईची पैठणी गौरीला नेसणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. गरिबाघरीही ईद व्हावी म्हणून नमाजाआधी फित्रा द्यायचाच असतो. कापडाचे वाचलेले पैसे लेकीनं त्याउपर काढून ठेवले, मोहल्ल्यातल्या एका मुलीच्या ईदच्या जोड्यासाठी.