‘एक्सोडस’ म्हणजे नक्की काय?

स्थलांतरावर काम करायचं ठरवलं की ‘एक्सोडस’ हा भारदस्त शब्द आराखड्यात हमखास घुसतो. तो लिहिण्याआधी जरा उलगडून बघा.

मूळ ग्रीक शब्द ‘एक्सोडोस’. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘होडोस’ म्हणजे वाट. बाहेरची वाट, एवढंच. ग्रीसमध्ये आजही बाहेर जायच्या दारावर याच शब्दाची पाटी दिसते. प्राचीन काळी सैन्य मोहिमेवर निघालं तरी ‘एक्सोडोस’च म्हणत.

नाटकात त्याला पारिभाषिक अर्थ मिळाला. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या १२व्या प्रकरणात शोकांतिकेचे भाग सांगितलेत. कोरसचं शेवटचं गीत संपल्यावर जे उरतं, ते सगळं ‘एक्सोडोस’. सोफोक्लीसच्या ‘इडिपस’मध्ये राणीचा मृत्यू आणि राजाने स्वतःचे डोळे फोडणं आपल्याला इथेच कळतं. रोममध्ये मात्र नाटकानंतरच्या विनोदी तुकड्याला ‘एक्सोडियम’ म्हणू लागले. शब्द तोच, पण रडण्याच्या जागी हसणं!

तिसरा अर्थ धर्मग्रंथातला. बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाचं हिब्रू नाव ‘शेमोत’, म्हणजे ‘नावं’. ते त्याच्या सुरुवातीच्या शब्दांवरून आलंय. ग्रीक अनुवादात नाव आशयावरून पडलं: इजिप्तच्या गुलामीतून इस्राएली लोकांचं बाहेर पडणं. मराठी बायबलमध्ये ते ‘निर्गम’. लूकच्या शुभवर्तमानात (९:३१) येशूच्या जाण्यालाही, म्हणजे मृत्यूलाही, हाच ग्रीक शब्द आहे.

आता मुद्द्यावर येऊ. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबई-पुण्यातले मजूर पायी गावाकडे निघाले. इंग्रजी बातम्यांत ते ‘एक्सोडस’ झालं, हिंदीत ‘पलायन’. पहिल्या शब्दात सुटका आहे, पुढे वचन दिलेली भूमी आहे. दुसऱ्यात पळणाऱ्यावर ठपका आहे. पण रोजगार गेला होता, रेल्वे बंद होती. त्यांना बाहेर कशाने ढकललं, हा प्रश्न दोन्ही शब्दांत झाकला जातो. शिवाय त्यातले पुष्कळजण पुढे शहरात परतले. बायबलमधल्या निर्गमाला परतीची वाट नाही.

म्हणून शब्द निवडताना तीन गोष्टी तपासा: कोण निघालं, स्वतःहून की नाइलाजाने, आणि परत यायचं होतं का. उत्तरं ‘एक्सोडस’शी जुळत नसतील तर साधं ‘स्थलांतर’ किंवा ‘विस्थापन’ लिहा. जुळत असतील तर कोणता अर्थ घेतलाय, ते पहिल्याच प्रकरणात सांगून टाका. नाहीतर पुरावा गोळा करण्याआधीच तुमचा शब्द निष्कर्ष काढून मोकळा होईल.