मुखातील सूक्ष्मजीवांची तहकिकात

हॉलंडातील डेल्फ्ट शहरी कापडाचा व्यापार करणारा आणि नगराच्या कचेरीत एका लहानशा हुद्द्यावर असलेला आंतोनी व्हान लेवेनहुक याने १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीस जे पत्र धाडले, त्यात मुखातील सूक्ष्मजीवांचे पहिले विश्वसनीय वर्णन आढळते. हा गृहस्थ नित्य मिठाने दात घाशी, काडीने दाढा कोरी आणि फडक्याने त्या पुशी. इतके करूनही दातांच्या फटींत जो पांढरा, घट्ट मळ उरे, तो त्याने स्वच्छ पावसाच्या पाण्यात कालवून स्वहस्ते घासलेल्या भिंगातून न्याहाळला, तेव्हा अत्यंत चपळपणे हिंडणारे असंख्य जीव त्याच्या दृष्टीस पडले. जन्मात कधी दात न घासलेल्या एका वृद्धाच्या मुखातील मळही त्याने तपासला. परंतु माझ्या मते त्याचे सर्वांत मौलिक निरीक्षण याहून निराळेच आहे. तीव्र शिरक्याने त्याने चूळ भरली, तरी फटींतील जीव जिवंतच राहिले. उलट तोच मळ पाण्यात विरघळवून त्यात किंचित शिरका मिसळताच ते तत्काळ मेले. शिरका त्या मळाच्या थरात आतवर शिरत नाही, हा त्याने काढलेला निष्कर्ष आजच्या विज्ञानासही मान्य आहे, कारण दातांवरील जंतू सुटे राहत नसून स्वतःच निर्माण केलेल्या चिकट द्रव्यात एकमेकांस बिलगून वसाहत करून राहतात.

या वसाहतीचा व दंतक्षयाचा कार्यकारणसंबंध प्रस्थापित करण्याचे श्रेय बर्लिन येथे अध्यापन करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याकडे जाते. रॉबर्ट कॉख यांच्या सान्निध्यात जंतुशास्त्राचे संस्कार घेतलेल्या मिलरने लाळ व पाव यांच्या मिश्रणात दात ठेवून ते शरीराच्या उष्णतेवर राखले, तेव्हा जंतूंनी उत्पन्न केलेल्या आम्लाने दातांतील चुना झिरपून गेला. पावाऐवजी मांस घातले किंवा लाळ आधी उकळून घेतली, तर दातांस बाधा झाली नाही. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हा दोष कोणा एका जंतूच्या माथी मारला नाही. एकेका रोगाचा एकेक जंतू हुडकण्याची चढाओढ सर्वत्र लागली असताना त्याने दाखविलेला हा संयम मला फार थोर वाटतो.

पुढील पिढ्यांना मात्र आरोपी एकच हवा होता. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडक्या दातांतून स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू वेगळा काढला. त्या शोधाचे दफ्तर सुमारे चार दशके बंदच राहिले. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांचे दात साखर खाऊनही किडत नाहीत, हे १९५४ मध्ये ऑरलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, आणि १९६० मध्ये पॉल कीज यांनी हॅम्स्टरांवरील प्रयोगांनी ही कीड एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते हे दाखविले, तेव्हा कोठे क्लार्कच्या जंतूची पुन्हा चौकशी झाली. त्याचा अपराध मोठा आहे खरा. पण तो एकटाच अपराधी नव्हे, आणि आज शास्त्रज्ञ मिलरच्याच मताकडे वळले आहेत.

हिरड्यांविषयीचा निर्णायक पुरावा डेन्मार्कमधून आला. १९६५ साली हाराल्ड लो यांनी आर्हुस येथे निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, ज्यांत दंतवैद्यकाचे विद्यार्थीच अधिक होते, दात घासणे सर्वस्वी बंद करावयास लावले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू होताच सुमारे आठवड्यात पूर्ववत झाल्या.

साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरील थर आम्लयुक्त होतो आणि तो पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो, हे स्टीफन यांनी १९४० च्या दशकातच मोजून ठेवले आहे. म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की फराळाचे गोड पदार्थ दिवसभर येता-जाता तोंडात न टाकता जेवणासोबतच घ्यावेत, आणि निजण्यापूर्वी केवळ चूळ न भरता दात घासावेत.