मॉर्डहाइमचा कारभारी

सकाळी ६.३०

नॉटिंगहॅमला नोव्हेंबरात या वेळी मिट्ट काळोख असतो. बायको रविवार म्हणून झोपलेली. मी चहा ठेवतो आणि जाड पुठ्ठ्याची वही उघडतो. आज सहा टोळ्या येणार, म्हणजे तीन टेबलं. कोण कोणाशी लढणार हे अजून ठरलेलं नाही, आणि ठरवायचं मलाच आहे.

खेळाचं नाव मॉर्डहाइम. गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९९९ साली काढला. टुओमास पिरिनेन हा फिनलंडचा माणूस त्याचा मुख्य रचनाकार. एका भरभराटीच्या शहरावर धूमकेतू कोसळतो, शहर उद्ध्वस्त होतं आणि त्या धूमकेतूचे जादूभरले तुकडे ढिगाऱ्यांत विखुरतात. ते गोळा करायला भाडोत्री सैनिक, धर्मवेड्या जोगिणी, उंदीरमाणसं, मुडदे उठवणारे असे सगळे गावगुंड जमतात. दीड इंचही उंच नसलेल्या, हाताने रंगवलेल्या बाहुल्या, मोजपट्टी आणि फासे. कंपनीचं मुख्यालय याच शहरात, लेंटन भागात आहे. पण हा खेळ आज तिथल्या दुकानात मिळत नाही. जुन्या नियमपुस्तकांच्या प्रतींवर लोक तो जिवंत ठेवून आहेत.

सुटा डाव कोणीही खेळतो. आम्ही मोहीम खेळतो. आजच्या लढाईत ज्याचा पाय मोडला तो पुढच्या लढाईत लंगडतोच. ज्याने तीन शत्रू लोळवले त्याचा अनुभव वाढतो, नवं कौशल्य मिळतं. प्रत्येक टोळी ५०० सोन्याच्या मोहरांनी सुरू होते आणि पुढचं सगळं तिचं तिने कमवायचं. वहीत प्रत्येक टोळीला चार पानं दिली आहेत. एका कप्तानाचा डावा डोळा गेलाय, त्याची नेमबाजी एकाने उतरली. दुसराही गेला तर नियमाप्रमाणे त्याने निवृत्त व्हायचं. एका उंदराचा एका जोगिणीवर कायमचा दात आहे. हे सगळं आधी फाशांनी ठरवलं, नंतर आम्ही त्याला कारणं चिकटवली.

सकाळी ७.१५

जोड्या लावण्याचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. टोळीचं वजन काढायचं सूत्र साधं आहे: माणसं गुणिले पाच, अधिक सगळ्यांचा मिळून अनुभव. उंदीरमाणसांची टोळी आकड्याने सगळ्यांच्या वर गेली आहे. जिंकणाऱ्याला जास्त तुकडे, जास्त तुकड्यांतून जास्त मोहरा, मोहरांतून चांगली हत्यारं, आणि हत्यारांतून पुन्हा विजय. सावकाराकडे पैसा जातो तसाच. बहुतेक मोहिमा इथेच मरतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर हरणाऱ्याला रविवारी अचानक कामं निघतात.

पिरिनेनने यावर उपाय करून ठेवले आहेत आणि माझ्या मते खेळातली सगळ्यात हुशार जागा तीच आहे. टोळी जितकी मोठी, तितका तुकड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा कमी, कारण खाणारी तोंडं जास्त. शिवाय वजनातला फरक पन्नासाच्या वर गेला की दुबळ्या टोळीला लढाईनंतर जादा अनुभव मिळतो, हरली तरी. उरलेलं माझं काम. उंदरांना मी आज उघड्या चौकात पाठवतो आणि त्यांच्यासमोर धनुर्धारी ठेवतो. याला पक्षपात म्हणायचं तर म्हणा.

सकाळी ९.००

एका पबच्या वरची खोली महिन्यातून एका रविवारी आम्हाला मिळते. खाली दारूचा आणि फरशी पुसण्याच्या औषधाचा एकत्र वास. मी चार खोकी वर चढवतो. प्रत्येक टेबल चार फूट बाय चार फूट.

इमारती मांडताना मी घाई करत नाही. लांब धनुष्याचा पल्ला तीस इंच, टेबल अठ्ठेचाळीस इंचांचं. मधली नजर मोकळी सोडली तर दोन धनुर्धारी गच्चीवर बसून डाव संपवतात आणि बाकीचे बघत राहतात. म्हणून गल्ल्या वाकड्या हव्यात, भिंती अर्धवट पडलेल्या हव्यात आणि मजले किमान तीन. वरून उडी मारून शत्रूवर कोसळण्याचा नियम या खेळात आहे. उडी साधली तर पहिल्या घावाला जोर चढतो, फसली तर उडी मारणाराच जखमी होतो. सपाट टेबलावर हा नियम पुस्तकातच राहतो. माझे निम्मे वाडे ब्रेकफास्ट सीरियलच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे आहेत, त्यावर आइसक्रीमच्या काड्यांच्या फळ्या. विकतच्यांपेक्षा तेच बरे दिसतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

सकाळी १०.३०

मंडळी येतात. मला त्यांची नावं त्यांच्या टोळ्यांवरूनच सुचतात. खेळातल्या राइकलंडचे भाडोत्री सैनिक चालवणारे एक निवृत्त बसचालक आहेत. उंदरांचा मालक इलेक्ट्रिशियन. पछाडलेल्यांची टोळी एका चौदा वर्षांच्या मुलीची. तिची आई मिडनहाइमचे दांडगे घेऊन शेजारच्या टेबलावर असते आणि दोघी एकमेकींशी कधीही तह करत नाहीत. सिग्मारच्या जोगिणी आहेत नाशिकच्या एका पोराच्या, इथल्या विद्यापीठात संशोधन करतोय. सहावे एक मुडदेवाले, ते फार बोलत नाहीत.

मी छापून आणलेलं एक पान वाटतो. मागच्या फेरीची शहरवार्ता. प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव शोधतो, मग शत्रूचं.

“दादा, माझी लढाई पहिल्याच ओळीत?” नाशिककर.

“अरे, तू पळालास ना मागच्या वेळी.”

“पळालो नाही, माघार घेतली.”

टोळीतली चौथाई माणसं पडली की नेत्याच्या मनोबलाची कसोटी लागते आणि ती हुकली की सगळी टोळी रण सोडते. मुद्दाम मागे फिरायचीही सोय आहे. शहाणे खेळाडू वेळेवर मागे फिरतात, कारण उरलेली माणसं पुढच्या महिन्यातही लागणार असतात. एकेका डावाचे खेळाडू इथे आले की महिनाभर हेच चुकतात: शेवटच्या माणसापर्यंत लढतात, जिंकतात आणि हिशेबाला बसल्यावर त्यांच्याकडे टोळीच उरलेली नसते.

सकाळी ११ ते दुपारी ४

लढाया, मध्ये जेवण. या पाच तासांत मला फारसं काम नसतं. कोणी विचारतं, या खिडकीतून तो दिसतो का? मी वाकून बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघतो आणि हो किंवा नाही म्हणतो. नियम सापडत नसेल तर फासा टाका, नंतर शोधू. दुपारी खालून चिप कॉब येतात. बटाट्याचे तळलेले काप पावात भरलेले, इथली माणसं पावाला कॉबच म्हणतात. मी खिशातली शेंगदाण्याची चटणी घालतो. बसचालकांनी एकदा चव घेतली तेव्हापासून ते स्वतःचा कॉब उघडून माझ्यासमोर धरतात.

दुपारी ४.००

आता खरं काम. टेबलावरचे वाडे बाजूला, मध्ये वही, भोवती सहाही टोळ्या. फासे सगळ्यांसमोर टाकायचे, घरी टाकून आणलेले चालत नाहीत.

आधी जखमा. साध्या शिपायाचं सोपं असतं: एक किंवा दोन पडले की तो मेला. नायकांसाठी दोन फासे, पहिला दशम, दुसरा एकम, आणि तक्ता. अकरा ते पंधरा आलं तर मृत्यू, म्हणजे छत्तीस शक्यतांतल्या पाच. एक्केचाळीस ते पंचावन्नमध्ये पूर्ण बरा, त्या अकरा. उरलेल्या वीस शक्यतांत मोहिमेचं सगळं कथानक भरलेलं आहे: पायाची जखम, वेड, कापरं भरणं, अंगावरचं सगळं लुटलं जाणं, चेहऱ्यावर इतका भयंकर व्रण की समोरचा घाबरावा, आखाड्यात विकलं जाणं, शत्रूच्या हाती लागणं.

बसचालकांचा सगळ्यात तरुण नायक आज कोसळला होता. एक. मग तीन. मृत्यू. पोरगं पहिल्या फेरीत शून्य अनुभवाने आलं होतं, आता कुठे तलवार धरू लागलं होतं. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जाऊ दे, परत टाका. दोघांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणालो.

यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावात १८२६ साली पॅट्रिक ब्राँटे या पाद्र्याने आपल्या मुलाला लाकडी सैनिकांचा संच आणून दिला. ब्रॅनवेल आणि त्याच्या तिन्ही बहिणींनी, म्हणजे शार्लट, एमिली, अ‍ॅन यांनी, त्या सैनिकांना नावं दिली. शार्लटचा वेलिंग्टन झाला, ब्रॅनवेलचा बोनापार्ट. त्यातून ग्लास टाउन आणि अँग्रिया ही राज्यं उभी राहिली, इवल्या इवल्या वह्यांत त्यांचे इतिहास लिहिले गेले. माझ्या धंद्यातली ती थोर मंडळी. पण मुलं स्वतः त्या जगातली चार जिन्नं होती आणि मेलेल्या सैनिकाला पुन्हा उठवायची मुभा त्यांनी घेतली होती. चार भावंडांना, एका घरात, ते शोभतं. सहा परक्या माणसांत मात्र एकाचा मेलेला उठला की उरलेल्या पाचांच्या जखमा खोट्या होतात. डोळा गेलेल्या कप्तानाचं मग काय करायचं?

बसचालक स्वतःही नियमाच्याच बाजूने होते. बाहुली त्यांनी डबीत ठेवली. त्यांची नंतरची फासेफेक बघा: शिपायांच्या एका गटाला बढती मिळाली, दोन फाशांची बेरीज अकरा. दहा ते बारा आलं की त्या गटातला एक जण नायक होतो. इतके महिने ज्याला फक्त ‘दुसरा भालेवाला’ म्हणत होते त्याला आता नाव द्यायचं होतं. ते त्यांनी घरी जाऊन ठरवायचं कबूल केलं. म्हणजे ते पुढच्या वेळी येणार.

नाशिककराच्या थोरल्या जोगिणीवर एकसष्ट पडलं. कैद. आणि पकडणारी टोळी त्या चौदा वर्षांच्या मुलीची. नियमाप्रमाणे कैद्याची अदलाबदल होते, खंडणी मागता येते, गुलाम म्हणून विकता येतं. पछाडलेल्यांना तर बळी देऊन नेत्याचा अनुभव एकाने वाढवता येतो.

“साठ मोहरा,” मुलगी म्हणाली.

“माझ्याकडे पस्तीस आहेत.”

“मग बळी.”

तिच्या आईने छताकडे बघितलं. मी मध्ये पडत नाही. पण आमच्या मोहिमेचा एक घरचा नियम आहे: पकडणाऱ्याची तयारी असेल तर कैदी एक फेरी ठेवून घेता येतो आणि पुढची लढाई त्याच्या सुटकेची होते, पकडणाऱ्याच्या जागेवर, त्याने मांडलेल्या इमारतींत. मी एवढीच आठवण करून दिली. मुलीने विचार केला. एक अनुभव आज, की आपल्या अड्ड्यावर आयती चालून आलेली टोळी? तिने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: तळघर, तीन पहारेकरी. नाशिककर हरला होता, लुटला गेला होता, आणि लगेच विचारू लागला, तळघराला दुसरं दार आहे का.

मग शोधाशोध. जे नायक शेवटपर्यंत उभे राहिले त्यांचा प्रत्येकी एक फासा, विजेत्याला एक जास्त. बेरजेवरून तुकडे किती सापडले ते कळतं, जोड लागली तर शहरात आणखी काही भेटतं. मुडदेवाल्यांना चौकाची जोड आली: वाट चुकलेला एक माणूस. साध्या टोळीने त्याला शहराची माहिती विचारून सोडलं असतं. उंदरांनी विकला असता. मुडदेवाल्यांनी त्याला मारून आपल्यात उभा केला आणि आजच्या दिवसातलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं, “फुकट मिळाला.”

संध्याकाळी ६.३०

आवराआवर. फुटलेला एक कठडा, हरवलेली एक तलवार, ती नंतर झाडूत सापडते.

रात्री ८.३०

“आज कोण गेलं?” बायको ताट वाढताना विचारते. मी सांगतो. ती म्हणते, “बसवाल्यांचं पोरगं? अरेरे,” आणि आमटी वाढते. तिने या बाहुल्या कधी हातात घेतलेल्या नाहीत, पण शहरवार्ता वाचते.

जेवणानंतर पुढचं पान लिहायला बसतो. आडाखे दोनच. हरलेल्याची गोष्ट आधी, आणि ज्याचं काहीच घडलं नाही त्याला किमान एक अफवा. आज अफवा मिडनहाइमवाल्यांच्या वाट्याला.

हे काम करणारा मी काही पहिला नाही. साउदॅम्प्टनच्या टोनी बाथ यांनी गेल्या शतकात हायबोरिया नावाची मोहीम वर्षानुवर्षं चालवली आणि १९७३ साली मोहीम कशी उभारावी यावर पुस्तक लिहिलं. सरदारांचे स्वभाव ते पत्त्यांवरून ठरवत: कोण निष्ठावान, कोण लोभी. बाथ यांच्याकडून मी एकच गोष्ट उचलली आहे. नव्या नायकाला एक पत्ता काढून स्वभाव द्यायचा आणि खेळाडूने तो पाळायचा की नाही हे त्याच्यावर सोडायचं. बहुतेक जण पाळतात, तोटा होत असला तरी.

रात्री १०.४५

आकडे पुन्हा तपासतो. उंदरांचं वजन आज थोडं उतरलं, धनुर्धाऱ्यांनी काम केलं. मोहिमेच्या आता दोनच फेऱ्या राहिल्या आहेत आणि हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

पुण्यात, मुंबईत कोणी हे सुरू करणार असाल तर महागड्या बाहुल्यांसाठी थांबू नका; पुठ्ठ्याच्या उभ्या चकत्याही चालतात. वही मात्र एकाच माणसाच्या हाती द्या. शेवटच्या फेरीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा, सहा फेऱ्या भरपूर होतात. आणि लढाई संपली की हिशेबाला न थांबता घरी निघणाऱ्याला, तो कितीही चांगला खेळत असला तरी, टोळी देऊ नका.