अमावास्येचे वृक्ष

छायाचित्रण म्हणजे प्रकाशाने केलेले लेखन. मग जेथे चंद्र नाही, दिवा नाही, मनुष्यवस्तीचा उजेडही नाही, तेथे लिहावयाचे कशाने? अमेरिकेतील छायाचित्रकार बेथ मून यांनी नेमक्या अशाच रात्री आपल्या कामासाठी निवडल्या. आडनाव ‘मून’ आणि कामाला चंद्र नको, हा योगायोग मौजेचा खरा. कॅलिफोर्नियातील पर्वतांपासून दक्षिण आफ्रिका, नामिबिया व बोत्स्वाना येथील कोरड्या माळांपर्यंत जाऊन त्यांनी शेकडो-हजारो वर्षांच्या वृक्षांची चित्रे ताऱ्यांच्या उजेडात टिपली. ‘डायमंड नाइट्स’ या त्यांच्या चित्रमालिकेतील अनेक चित्रांना वृक्षांची नावे नाहीत. आहेत ती तारकासमूहांची.

त्याआधी सुमारे चौदा वर्षे त्या प्राचीन वृक्षांची कृष्णधवल चित्रे घेत होत्या. त्यांचा संग्रह २०१४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. त्या चित्रांचे मुद्रण त्यांनी प्लॅटिनम पद्धतीने केले होते. प्लॅटिनम सहजासहजी काळवंडत वा विटत नाही, म्हणून असे मुद्रण शतकानुशतके टिकते. दीर्घायुषी वृक्षांसाठी दीर्घायुषी प्रत, हा विचार समर्पकच होता. रात्रीचे आकाश मात्र फिल्मच्या आवाक्यात येईना, तेव्हा त्या डिजिटल कॅमेऱ्याकडे व रंगाकडे वळल्या.

या कामाची खरी अडचण पृथ्वीच्या फिरण्यात आहे. तारे आकाशात तासाला पंधरा अंश सरकलेले दिसतात. कॅमेऱ्याचे झडप फार वेळ उघडे ठेवले तर ताऱ्याचा बिंदू न उरता रेघ उमटते. लवकर मिटले तर चित्र काळेच राहते. म्हणून रुंद दृष्टिक्षेत्राचे भिंग, पूर्ण उघडलेले छिद्र, अतिशय वाढविलेली संवेदनशीलता आणि फार तर तीस सेकंदांचा अवकाश, एवढ्यावरच सारी मदार असते. त्या अर्ध्या मिनिटात वारा सुटला तर फांद्यांची टोके पुसट होतात. शिवाय वृक्ष स्वतः अंधारातच असतो. त्याच्यावर बॅटरीचा झोत टाकावा तर साल पांढरीफटक पडते आणि मागचे तारे फिके दिसतात. उजेड मंद, पसरट आणि बेताचाच द्यावा लागतो.

मिळालेले चित्र आपण डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्यासारखे नसते, हेही सांगावयास हवे. मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग जवळजवळ कळत नाहीत. आकाशगंगा त्याला राखाडी धुरासारखी दिसते. कॅमेरा अर्धा मिनिट प्रकाश साठवतो, म्हणून त्यात ताऱ्यांचे तांबूस व निळसर रंग उमटतात. कधी वातावरणातील ऑक्सिजनची मंद हिरवी आभाही उमटते. हे रंग खोटे नव्हेत. आपल्याला न दिसणारे आहेत इतकेच. पंचांगाचेही येथे काम पडते. आकाशगंगेचा मध्य धनु राशीच्या दिशेला आहे. जून-जुलैच्या मध्यरात्री दक्षिण आफ्रिका खंडात तो जवळजवळ डोक्यावर येतो, आणि तेव्हा तिकडे कोरडा हिवाळा असतो. अशा महिन्यातील अमावास्येच्या आसपासच्या मोजक्या रात्री, एवढाच काय तो अवधी.

एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये असे मांडले की, स्प्रूस वृक्षांची वार्षिक वाढ वैश्विक किरणांच्या प्रमाणाशी निगडित दिसते. अशा अभ्यासांतून मून यांना या कामाची प्रेरणा मिळाली. त्या संबंधाचे कारण त्या संशोधकांनाही निश्चित सांगता आले नव्हते, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. चित्रांना त्याची गरजही नाही.

कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर ब्रिसलकोन पाइन वाढतात. थंडी, वारा आणि निकृष्ट माती यांमुळे त्यांची वाढ अत्यंत मंद असते आणि लाकूड कमालीचे घट्ट होते. एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये त्यांतील ‘मथुसेला’ या वृक्षाचे वय साडेचार हजार वर्षांहून अधिक असल्याचे निश्चित केले. तो नेमका कोठे उभा आहे हे वनखाते जाहीर करीत नाही. या गुप्ततेला कारण आहे. १९६४ मध्ये नेवाडातील याच जातीचा एक वृक्ष एका संशोधक विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी, रीतसर परवानगी घेऊन, तोडण्यात आला. नंतर वलये मोजली, ती ४,८६२ भरली.

आफ्रिकेतील बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. ती आफ्रिकेतून इकडे आली आणि आपल्या किनारपट्टीवर तिचे जुने वृक्ष अद्याप आढळतात. तिचे खोड अनेकदा पोकळ असते आणि वलये विश्वासार्ह नसतात, म्हणून वय किरणोत्सारी कार्बनवरून ठरवावे लागते. असे वय ठरविणाऱ्या एड्रियन पात्रुत व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जे प्रसिद्ध केले ते धक्कादायक होते. आफ्रिकेतील सर्वांत वृद्ध तेरा बाओबाबांपैकी नऊ आणि सर्वांत मोठ्या सहांपैकी पाच वृक्ष मागील बारा वर्षांत पूर्णतः वा अंशतः कोसळले होते. रोगाची साथ आढळली नाही. हवामानबदलाचा संशय व्यक्त झाला, परंतु तो सिद्ध झालेला नाही. बोत्स्वानातील प्रसिद्ध चॅपमन बाओबाब जानेवारी २०१६ मध्ये पडला. मादागास्करमध्ये आपण पूर्वी टिपलेला एक प्रचंड बाओबाब कोसळत असल्याचे २०१८ मध्ये कळताच मून पुन्हा तिकडे गेल्या. त्या प्रवासातून त्यांचे ‘बाओबाब’ हे पुस्तक २०२१ मध्ये आले.

वृक्ष जात आहेत, तसे त्यांच्यावरचे आकाशही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशाप्रमाणे जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. उत्तर अमेरिकेत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या जवळ जाते. वृक्ष तोडला तर बुंधा तरी राहतो. आकाश हरवल्याची मात्र नोंदही होत नाही, कारण शहरात जन्मलेल्या मुलाने ते पाहिलेलेच नसते. येथे एक फरक आहे. पाच हजार वर्षांचा वृक्ष पुन्हा मिळवावयास पाच हजार वर्षे लागतील. आकाशासाठी दिव्यांना वरून झाकण घालणे, उजेड जमिनीकडे वळविणे आणि अनावश्यक दिवे विझविणे पुरते, आणि परिणाम त्याच रात्री दिसतो. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. नागपूरहून काही तासांच्या वाटेवर, निरभ्र अमावास्येला, तेथील झाडांच्या माथ्यावर आकाशगंगा उघड्या डोळ्यांनी पाहता येते.