कोरडे डोळे, कोरडे तोंड : शोग्रेन सिंड्रोमची ओळख

नांदेड-लातूर परिसराला कडक ऊन व पाणीटंचाई नवी नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्यामुळे डोळे व तोंड कोरडे पडले की ‘उष्णता झाली’ असे मानून ताक-सब्जावर भागविले जाते. मात्र ही कोरड पावसाळ्यातही हटली नाही, तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर तिचे कारण शरीरात शोधावयास हवे.

अशा कारणांपैकी एक म्हणजे शोग्रेन सिंड्रोम. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली १९ स्त्री-रुग्णांच्या अभ्यासातून त्याचे सविस्तर वर्णन केले. रोगजंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती या विकारात स्वतःच्याच अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर हल्ला करते. आनुवंशिक प्रवृत्तीला विषाणुसंसर्गासारख्या बाह्य कारणाची जोड मिळून हे घडत असावे, असे मानले जाते. हा आजार संसर्गजन्य नाही. दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुधा चाळिशीनंतरच्या.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळवत नाही. लाळेअभावी दात झपाट्याने किडतात. सांधेदुखी व थकवाही आढळतो. काही रुग्णांत फुप्फुसे, मूत्रपिंडे वा मज्जातंतू बाधित होतात. गालाजवळची सूज कायम राहिल्यास तपासणी टाळू नये, कारण क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोग संभवतो.

निदानासाठी पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे पाहतात. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे तपासतात. गरजेनुसार ओठाच्या आतील सूक्ष्म ग्रंथींचा नमुना घेतात. ही प्रतिपिंडे असलेल्या गर्भवतीने डॉक्टरांना आधीच कळवावे. बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते.

विकार समूळ बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. कृत्रिम अश्रूंचे थेंब, लाळ वाढविणारे पिलोकार्पिन, सांधेदुखीसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व त्यासोबत नियमित नेत्रपटल तपासणी, फ्लोराइडचा लेप हे प्रमुख उपचार होत. अंतर्गत अवयव बाधित झाल्यास अधिक प्रभावी औषधे द्यावी लागतात. तंबाखू वर्ज्य करावी. स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नयेत.

शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या देणगीचे फळ लवकर दिसते. येथे मात्र खर्च थोडा, पण आवर्ती आहे; थेंबांची बाटली दरमहा लागते आणि पैशाअभावी ती थांबली की डोळ्याच्या बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून देणगीदारांनी अशा दीर्घकालीन औषधोपचारांचाही विचार करावा, आणि कुटुंबीयांनी घरातील स्त्रीच्या तक्रारीला ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नये, अशी आमची नम्र विनंती आहे.